केसाहून बारीक धाग्यांची मलमपट्टी



खेळताना कधीच गुडघा फुटला नाही, असा एक तरी गडी तुमच्यात सापडेल का? मग पुढचंही ठाऊक असेलच. जखमेवर गॉझची पट्टी बांधतात. दोन दिवसांनी ती सुटता सुटत नाही आणि ओढली की "आई गं!" का बरं चिकटते ती? जखमेतून पाझरणारा द्रव गॉझच्या धाग्यांत शिरून तिथंच वाळतो. पट्टीबरोबर नुकतीच धरलेली कोवळी त्वचाही उचकटून येते. म्हणजे शरीराची दोन दिवसांची मेहनत वाया!

"जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरेल," असं घरोघरी सांगतात. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या कातडीवर एक प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ कागदाने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने धरली! ओलसर जागेवरून नव्या पेशी सहज सरकतात. कोरड्या खपलीखाली मात्र त्यांना वाट काढत जावं लागतं.

मग चांगली पट्टी कशी हवी? ओल राखणारी, पण जादा पाणी शोषणारी. हवा जाऊ देणारी, पण जंतूंना अडवणारी. आणि न चिकटणारी! आहे ना अट कठीण? शास्त्रज्ञांनी उत्तरासाठी शरीराकडेच पाहिलं. मांडवावर वेल चढावा, तशा त्वचेतल्या पेशी कोलॅजेन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या आधाराने वाढतात. जखमेत हा मांडवच मोडतो. मग पट्टीच मांडवासारखी विणली तर?

असे धागे किती बारीक हवेत? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड, एखादा जिवाणू १,००० च्या आसपास. आणि हे धागे काहीशे नॅनोमीटरचेच!

इथं चरखा कामाचा नाही. इथं सूत कातते वीज! बहुवारिकाचं, म्हणजे पॉलिमरचं, दाट द्रावण सुईच्या टोकाशी आणतात आणि त्याला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब देतात. थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो. जेफ्री टेलर यांनी १९६४ साली त्याचं गणित मांडलं, म्हणून तो 'टेलर शंकू'. त्याच्या टोकातून बारीक धार सुटते, हवेत गरगरत लांबते, सुकते आणि समोरच्या धातूच्या पत्र्यावर धाग्यांची चादर साठते. जत्रेतले 'म्हातारीचे केस' आठवले ना? (घरी मात्र हा खेळ मुळीच नको. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीजसुद्धा जीव घेऊ शकते!)

द्रावणात औषध मिसळलं, तर ते धाग्यांतून हळूहळू जखमेत उतरतं. कोळंबीच्या सालीपासून मिळणारं कायटोसान वापरलं, तर रक्त थांबायला मदत होते. काही बहुवारिकं शरीरात आपोआप विरघळतात. मग पट्टी सोलायलाच नको! भाजलेल्या माणसांना किंवा मधुमेहामुळे पायाची जखम महिनोन्‌महिने न भरणाऱ्या आजी-आजोबांना याचा केवढा आधार होईल! पण एका सुईतून तासाभरात अगदी थोडाच धागा निघतो आणि माणसांवर वापरण्याआधी कसून चाचण्या कराव्या लागतात. म्हणून अशा बऱ्याच पट्ट्या अजून प्रयोगशाळेतच आहेत.

तोवर एवढं कराच. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ पट्टीने झाका. चिकटलेली पट्टी ओढू नका, कोमट स्वच्छ पाण्याने भिजवून अलगद काढा. जखम खोल असेल किंवा खिळा लागला असेल, तर डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

आता डोकं चालवा : ८०,००० नॅनोमीटर जाडीच्या केसाच्या रुंदीवर २०० नॅनोमीटरचे किती धागे शेजारी-शेजारी मावतील?

(उत्तर : ४००)