‘फॉरमॅट मारून देतो, काकू’

२०२५ च्या दिवाळीनंतर माझ्या लॅपटॉपने अगदीच अंग टाकले. बंद पडला असे नाही. पण सकाळी बटण दाबून मी अंगणात जावे, पारिजातकाची फुले वेचावीत, देवाला वाहावीत आणि परत येऊन पाहावे तर पडद्यावर अजून ते गोल गोल ठिपके फिरताहेतच. सात मिनिटे मी स्वतः घड्याळ लावून मोजली आहेत. त्यानंतर वर्ड उघडायला आणखी दोन. मधूनच आतून कुरकुर असा आवाज यायचा, जुन्या पाटावर नख ओढल्यासारखा.

गावातल्या दुकानात घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने झाकणावर बोटाने टकटक केले आणि म्हणाला, “काकू, २०१५ चा आहे. आता नवाच घ्या. पंचेचाळीस हजारांत चांगला येईल. नाहीतर हा ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो.”

‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकला आणि मी लॅपटॉप पिशवीत घालून घरी परत आणला.

हा शब्द मला का बोचतो ते सांगायला हवे. माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. निवृत्त झाल्यावर, २००९ साली, मी त्यांच्यापाशी बसून त्या टाइप करून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा मला युनिकोड वगैरे काही ठाऊक नव्हते. शाळेच्या कार्यालयात ‘शिवाजी’ फाँट वापरीत, तोच मी घरी वापरला. सासूबाई २०१० साली गेल्या. २०१२ साली आमचा जुना डेस्कटॉप बिघडला म्हणून एका दुकानात दिला (कोणत्या, ते जाऊ द्या), तर त्यांनी न विचारता फॉरमॅट करून परत दिला. डेस्कटॉपवर ठेवलेली शेवटची फाइल गेली. साधारण चाळीस ओव्या होत्या तिच्यात. डी ड्राइव्हवरच्या बाकीच्या फाइली राहिल्या, पण उघडल्या तर त्यांत सगळी रोमन अक्षरांची खिचडी! दुकानदार म्हणाला, “फाइल करप्ट झाली, उडवून टाका.” मी उडवली नाही हे नशीब. पुढे शाळेतल्याच एका तरुण सहकाऱ्याने पाहिले आणि सांगितले की बाई, फाइल शाबूत आहे, तुमचा फाँट गेलाय. या जुन्या फाँटांत आतमध्ये रोमन अक्षरेच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. कपडे काढले की ही भुताटकी.

त्या चाळीस ओव्या मात्र परत मिळाल्या नाहीत. कुणाला विचारणार?

तर मंडळी, माझे मत सांगते. लॅपटॉप दहा वर्षांचा झाला, हळू चालतो, एवढ्यावरून तो टाकून देऊ नये आणि फॉरमॅटही करू नये. आधी त्याची डिस्क बदलून पाहावी. आणि जमत असेल तर ती स्वतः बदलावी, वय कितीही असो.

हे माझे मत मुलाला पटलेले नाही. तो परदेशात असतो आणि हा ब्लॉग नियमित वाचतो, म्हणून त्याच्या देखतच लिहिते. त्याने फोनवर सांगितले, “आई, तू हात लावू नकोस, मी नवा पाठवतो.” त्याचे प्रेम मला कळते. पण ज्या बाईने पस्तीस वर्षे शिवणयंत्राची सुई, बॉबिन, पट्टा आणि तेलपाणी स्वतः केले, गॅसचा बर्नर दर महिन्याला उघडून साफ केला, तिला चार स्क्रू काढता येणार नाहीत असे कशावरून ठरले? वय वाढले की माणसे आपल्या हातातल्या वस्तू हळूहळू काढून घेऊ लागतात. आधी शिडी, मग सुरी, मग स्कूटरची किल्ली. शिडीचे मी मान्य केले आहे.

नात अकरावीला आहे. तिने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. ‘डिस्क’ या शब्दाखाली सतत १०० टक्के. प्रोसेसर बिचारा दहा-पंधरा टक्क्यांवर रिकामा बसलेला. म्हणजे डोके चालत होते, कपाटातून कागद आणून देणारा शिपाई थकला होता.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच्या तबकड्या फिरतात. माझ्या लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० फेरे घेणारी होती, म्हणजे सेकंदाला ९०. गणित माझा विषय नव्हता, पण एवढे येते. एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचे, शिवाय ते टोक आधी योग्य वर्तुळावर सरकवायचे. असे करत सेकंदाला शंभराच्या आतच फुटकळ नोंदी हाती लागतात. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो लहानसहान फाइली मागते. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीत, फिरणारे काहीच नाही. बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो आणि कोणताही कप्पा जवळजवळ सारख्याच वेगाने वाचता येतो. त्यामुळे सेकंदाला हजारो नोंदी. या फ्लॅश मेमरीची कल्पना तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून मावत ५० लाख अक्षरे. माझ्या ओव्यांना तेवढी पुष्कळ झाली असती, पण ती ठेवायला आमचे माजघर पुरले नसते.

५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी मागवली, सोबत ती यूएसबीला जोडायची केबल. दोन्ही मिळून चार हजारांच्या आत. इथे एक सांगते, तुमच्या लॅपटॉपला कोणती लागते ते आधी पाहून घ्या. अलीकडच्या यंत्रांत च्युइंग गमच्या पट्टीसारखी एम.२ असते, आणि त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला बहिणी-बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये तर साठवण मुख्य बोर्डालाच झाळून टाकलेली असते, तिथे आपण काही करू शकत नाही. वस्तू विकत घेतानाच दुरुस्तीची वाट बंद करून द्यायची, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, ते चांगलेच झाले. पण झाळलेल्या चिपेला पोर्टल काय करणार?

आता मुख्य गोष्ट. नवी डिस्क बसवायचे दोन मार्ग. एक म्हणजे तिच्यावर विंडोज नव्याने घालायचे. पुष्कळ जाणकार हाच स्वच्छ मार्ग म्हणतात आणि त्यांचे चूक नाही. दुसरा, जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, क्लोन. मी हट्टाने दुसरा धरला, कारण माझा फाँट, माझा कीबोर्ड, वर्डमधल्या माझ्या खुणा हे सगळे जसेच्या तसे यायला हवे होते. स्वच्छ घर मलाही आवडते, पण साफसफाईत आजीचा बटवा केराच्या टोपलीत जाऊ नये.

त्याही आधी ओव्यांचे आणि फोटोंचे फोल्डर एका पेन ड्राइव्हवर आणि नातीच्या संगणकावर उतरवले. शिवाजी फाँटची फाइलसुद्धा. मग डिस्क बनवणाऱ्या कंपनीचेच सॉफ्टवेअर वापरून क्लोन सुरू केला. दीड तास म्हणाला आणि चार तास चालला, कारण जुन्या डिस्कवर काही जागा खराब झाल्या होत्या आणि तिथे तो अडखळत होता. ६२ टक्क्यांवर पाऊण तास हलेना. नात म्हणाली, “आजी, बंद करू या?” मी म्हटले, राहू दे, अडखळणाऱ्या मुलाला मध्येच खाली बसवू नये. अखेर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया. सुती साडी नेसून बसले. नायलॉनच्या घर्षणाने अंगात वीज साठते आणि ती नाजूक भागांना मारक असते. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, बॅटरी खटका सरकवून बाहेर काढली, चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरले म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. स्क्रू ठेवायला इडलीपात्र घेतले! लॅपटॉपच्या स्क्रूंची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर तो भलतीकडे टोचतो. म्हणून पात्रातला खळगा तोच यंत्रातला कोपरा, अशी व्यवस्था केली. झाकणाच्या कडा उचकटायला मुदत संपलेले एटीएम कार्ड कामी आले. त्या प्लॅस्टिकच्या कड्या सुटताना असा काही ‘कट्ट’ आवाज होतो की वाटावे, मोडला! तो मोडल्याचा आवाज नव्हता.

आत बरीच धूळ होती, दहा वर्षांची. जुनी डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली. ती काढून त्याच चौकटीत नवी घातली. नवी जाडीला ७ मिलिमीटर, जुनी साडेनऊ, पण चौकटीमुळे ती हलत नाही. वजनाला इतकी हलकी की आत काही आहे की नाही अशी शंका यावी.

झाकण लावले, बटण दाबले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत वाक्य आले, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

खरे सांगते, तेव्हा मला मुलाचे शब्द आठवले. नात माझ्याकडे पाहत होती. मी पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा सगळे स्क्रू इडलीपात्रात, आणि पाहिले तर डिस्क खाचेत पूर्ण सरकलीच नव्हती, जेमतेम एक तांदळाचा दाणा मावेल एवढी फट राहिली होती. अंगठ्याने दाबली. या वेळी बटण दाबले आणि मी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत पासवर्ड विचारला गेला. वीस सेकंद. ओव्यांची फाइल उघडली. अक्षरे जागच्या जागी होती.

आता दुसरी बाजू, नाहीतर कुणी म्हणेल बाई जाहिरात करताहेत. दुकानातला मुलगा एका बाबतीत बरोबर होता. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि माझ्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. एसएसडीने त्यावर काही इलाज होत नाही. म्हणून बँकेची कामे मी त्यावर करत नाही, आणि पुढे लिनक्स घालायचे ठरले आहे. ते फाँटांची नीट व्यवस्था लागल्यावरच.

आणि एसएसडी म्हणजे अमरपट्टा नव्हे. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते. माझ्यासारखीच्या वापराला ती आयुष्यभर पुरेल (डिस्कच्या की माझ्या, ते पाहू). पण हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बरेचदा कुरकुरते, कण्हते, आपल्याला सावध करते. ही आदल्या रात्री ठणठणीत असते आणि सकाळी ओळख देत नाही, असे होऊ शकते. शिवाय पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत मिळवता येते, इथे ती आशा फार कमी, कारण विंडोज पुसलेली जागा डिस्कला कळवते आणि ती आतल्या आत साफ होते. वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवली तर कप्प्यांतला भारही पाझरू शकतो. तेव्हा एसएसडी घातली म्हणून प्रती काढणे थांबवू नका, उलट वाढवा.

जुनी डिस्क भंगारात दिलेली नाही. तिच्यात पेन्शनचे कागद, पासबुकांची छायाचित्रे आहेत, पुसल्याशिवाय ती घराबाहेर जाणार नाही. शिवाय एक वेडी आशा. ती चाळीस ओव्यांची फाइल या डिस्कवर कधी नव्हतीच, हे मला माहीत आहे. तरीही डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवली आहे.

या सगळ्यात जी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तेरा वर्षांपूर्वी घात झाला तो फाँटामुळे, हे कळूनही मी ओव्या युनिकोडमध्ये नेल्या नव्हत्या. आज नेऊ, उद्या नेऊ. सात मिनिटे वाट पाहणारे यंत्र हे एक बरे निमित्त होते. आता ते उरले नाही. परिवर्तक मिळतात, पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे त्या दोन्ही भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात. एकेक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. ‘पर्वत’ लिहिलेले तीनदा ‘पवर्त’ झाले. एकूण ओव्या ६१२, पैकी ८७ झाल्या आहेत. नात रोज संध्याकाळी पाच तपासते आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारून ठेवते. काल तिने ‘माळवद’ या शब्दाखाली मारली होती.