पाळणा लांबवणे हा कामगारांचाही प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागातील एका ट्रॅकमन साथीचा अर्ज आमच्याकडे आला. घरी तान्हे मूल दगावले होते आणि रजा मिळत नव्हती. आम्ही साहेबांच्या टेबलाशी जाऊन बसलो, रजा मंजूर करून आणली आणि युनियनचे काम झाले असे समजलो. नंतर त्यांच्या क्वार्टरवर भेटायला गेलो तेव्हा कळले, की बाळ आठव्या महिन्यातच जन्मले होते, वजन जेमतेम दीड किलो, आणि सहाव्या दिवशी ते गेले. थोरली मुलगी अजून सव्वा वर्षाची, आईच्या कडेवर. म्हणजे ती सात-आठ महिन्यांची असतानाच आईला पुन्हा दिवस गेले होते. बाळ त्यामुळेच गेले असे आम्ही म्हणत नाही. पण हा धोका त्या दोघांना आधी कोणी सांगितला होता का? आम्ही तरी नाही.

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे दोन मुलांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर. गर्भपात झाला असल्यास किमान सहा महिने थांबावे. कारण साधे आहे. गरोदरपण आणि अंगावरचे दूध यांत आईच्या शरीरातले लोह व इतर सत्त्वे खर्च होतात. ती भरून येण्याआधीच दुसरा गर्भ राहिला, तर बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. सिझेरियन झालेल्या बाईला टाक्यांचाही धोका असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीनुसार हजारी सुमारे २५ बाळे जन्मानंतर महिन्याच्या आतच दगावतात.

यात युनियनचा काय संबंध, असे काही बंधू विचारतील. संबंध आहे. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रात्रंदिवस फक्त अंगावर पीत असेल आणि आईची पाळी सुरू झाली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते. पण ज्या बाईला महिन्या-दीड महिन्यात कामावर परतावे लागते, तिचे पाजणे तुटते आणि ते संरक्षणही जाते. रेल्वेच्या कायम महिला कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात इतर कामगार स्त्रियांनाही पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळाले. परंतु ठेकेदाराकडे डबे धुणारी, फलाट झाडणारी आमची भगिनी ती रजा प्रत्यक्षात घेऊ शकते का? ठेकेदार बदलला, की तिचे नावच हजेरीपटावरून उडते. रजा हा हक्क आहे आणि बाळाचे आरोग्य त्या हक्काशी बांधलेले आहे.

दुसरी गोष्ट पुरुष साथींसाठी. वरील पाहणीतच दिसते, की कुटुंबनियोजनासाठी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. सारा भार बाईवर, आणि पहिली मुलगी झाली की लगेच दुसऱ्याची घाईही तिच्याच माथी. हे न्यायाचे नाही. पाळणा लांबवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात: निरोध, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येणारी तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या. डॉक्टरांना किंवा आशाताईंना नवरा-बायकोने मिळून विचारावे.

सक्तीला मात्र आमचा विरोध आहे. १९७६ साली नसबंदीच्या नावाखाली काय झाले, ते आमची पिढी विसरलेली नाही. मूल केव्हा हवे हे आईबापांनीच ठरवावे. पण पूर्ण माहिती घेऊन.

म्हणून आमचे सर्व शाखांना सांगणे आहे. गेट मीटिंगमध्ये बोनस आणि महागाई भत्त्याबरोबर हाही विषय घ्या. कॉलनीत भगिनींची सभा घेऊन नर्सबाईंना बोलवा. ठेक्यावरील एकाही बाईची प्रसूती रजा बुडू देऊ नका. दोनपेक्षा कमी मुले असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, ती प्रत्येक बापाने घ्यावी व त्या दिवसांत घरीच राहावे.

त्या साथीच्या घरून परतताना त्याने आम्हाला दारापर्यंत सोडले आणि रजेबद्दल आभार मानले. ते आभार घेताना आम्हाला लाज वाटली. अशा रजेचा अर्ज पुन्हा कोणाला करावा लागू नये, हे आता आपले काम आहे.