मैदानी चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. अशी घोषणा झाली की गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव अशा सगळ्याच तालुक्यांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसू लागतात. जिल्हा पोलीस दल, राज्य राखीव पोलीस बलाचा गोंदियातील गट क्रमांक १५, शेजारच्या गडचिरोलीची भरती, शिवाय सैन्यदल आणि वनरक्षक अशा अनेक ठिकाणी ही मुले अर्ज करतात. २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी राज्यभरातून १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या स्पर्धेत मैदानावरचा एकेक गुण मोलाचा असतो.

याच काळात पालक डॉक्टरांना हमखास एक प्रश्न विचारतात: "मुलगा रोज पाच किलोमीटर धावतो, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागते.

चाचणीत नेमके काय मोजले जाते?

पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस बलासाठी ५ किलोमीटरची धाव असते आणि १०० पैकी ५० गुण एकट्या त्या धावेला असतात.

१६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पोहोचावे लागते. म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरचा वेग पाच मिनिटे टिकवायचा. या वेगाला हृदय आणि फुप्फुसे जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करतात. तरीही स्नायूंना प्राणवायू कमी पडू लागतो आणि रक्तातील आम्लता वाढते. शेवटच्या फेरीत पाय जड होतात ते यामुळेच.

थोडक्यात, ही चाचणी दम, वेग आणि ताकद मोजते. हृदयाची रचना कशी आहे, रक्तातील हिमोग्लोबिन किती आणि कोणत्या प्रकारचे आहे, उमेदवाराला आदल्या रात्री ताप होता का, यांपैकी काहीही ती मोजत नाही.

खेळाडूंची चाचणी आणि भरतीची चाचणी यांतला फरक

ऑस्ट्रेलियात त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे व्यावसायिक संघ हंगामापूर्वीच्या सरावाला परतल्यावर खेळाडूंना २ किलोमीटर धावायला लावतात आणि वेळ नोंदवतात. भारतीय क्रिकेटपटूंची यो-यो चाचणीही आता सर्वांना माहीत आहे. पण तिथे खेळाडूचे हृदय, रक्त आणि जुन्या दुखापती संघाच्या डॉक्टरांनी आधी तपासलेल्या असतात. धावेची वेळ मुख्यतः सरावाचा भार ठरवण्यासाठी वापरतात. वेळ घसरली तर "याला काय झाले आहे?" हा प्रश्न विचारला जातो.

भरतीत क्रम उलटा आहे. आधी मैदान, मग लेखी परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी आणि निवड झाल्यावर शेवटी वैद्यकीय तपासणी. म्हणजे जीव तोडून धावण्याची वेळ येते तेव्हा बहुतेक उमेदवारांना डॉक्टरने तपासलेलेच नसते.

याची किंमत आपण पाहिली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावेनंतर काही तरुणांचा मृत्यू झाला. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचे होते. त्या भरतीत किमान दहा उमेदवार दगावले. नंतर सरकारने चाचणी काही दिवस थांबवली आणि उन्हे चढल्यावर धाव घेऊ नये असे ठरवले. उन्हाची वेळ, अपुरी झोप, रिकामे पोट आणि न तपासलेले शरीर एकत्र आले की धोका वाढतो. गोंदियात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे लक्षात ठेवायला हवे.

आपल्या जिल्ह्यातील खास मुद्दा: सिकलसेल

पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. गोंदिया जिल्ह्यात तो आदिवासी समाजांत आढळतो, तसाच अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही आढळतो. त्यामुळे "आमच्यात हा आजार नसतो" असे गृहीत धरू नये.

आई आणि वडील दोघांकडून सिकलचे जनुक आले तर व्यक्ती सिकलसेल रुग्ण असते. एकाकडूनच आले तर ती वाहक असते. वाहकाला एरवी काहीही त्रास नसतो. तो शेतात राबतो, सायकल चालवतो, धावतो. मात्र अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकाच वेळी आली तर स्नायूंमधील काही लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाह अडवू शकतात. मग स्नायू तुटू लागतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात, पोटॅशियम वाढते, मूत्रपिंड बंद पडू शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर जीवघेणे ठरू शकते.

अमेरिकेत २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक फुटबॉलपटू सरावात कोसळून दगावला. तो वाहक होता. २०१० पासून तिथल्या अव्वल श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी सिकलसेलची तपासणी सुरू झाली.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. श्रमामुळे स्नायू तुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. विशेष म्हणजे तंबाखूमुळेही तो धोका जवळजवळ तेवढाच वाढलेला दिसला. त्या सैन्यात उष्णता, पाणी आणि विश्रांती यांचे नियम सर्वांसाठी होते. आपल्याकडील परिस्थिती वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण बोध स्पष्ट आहे: वाहक असणे हे भरतीचे स्वप्न सोडण्याचे कारण नाही. सराव हळूहळू वाढवणे, पाणी पिणे आणि खर्रा सोडणे याला मात्र पर्याय नाही.

सिकलसेल रुग्ण असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. काहींना लक्षणे सौम्य असतात आणि निदान उशिरा होते. वारंवार सांधे दुखणे, डोळे पिवळे होणे, रक्त कमी असणे असा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ लावून धावू नये.

सरावाआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

१. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी. ती सरकारी आरोग्य केंद्रात होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे. ही चाचणी होकारार्थी आली तर व्यक्ती रुग्ण आहे की वाहक हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. शाळेत तपासणी झाली असेल तर ते कार्ड घरात शोधा.

२. हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. मुलीची वेळ कितीही सराव करून सुधारत नसेल तर "आळस करते" म्हणण्याआधी रक्त तपासा. मुलींमध्ये १२ आणि मुलांमध्ये १३ पेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर उपचार हवेत.

३. रक्तदाब, हृदयाची तपासणी आणि गरजेनुसार ईसीजी. धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, धडधड होणे, किंवा घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार साधारण ५०० माणसांत एकाला असतो. अनेकांना तो असल्याचे माहीतही नसते.

यांपैकी बहुतेक तपासण्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकतात.

सराव कसा करावा?

• जाहिरात आल्यावर धावायला सुरुवात करू नका. किमान तीन महिने आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात पूर्ण जोर न लावता १६०० मीटर धावून वेळ वहीत लिहा आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. तुलना स्वतःच्याच जुन्या वेळेशी करा.

• सकाळी उठल्यावर नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा दहा-बाराने जास्त असेल तर शरीर थकले आहे किंवा आजार येतो आहे. त्या दिवशी हलका सराव करा.

• उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तो काळ द्या.

• लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. साधे पाणी, ताक, तांदळाची पेज, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरेसे आहे.

• ताप, जुलाब किंवा उलट्या असतील तर धावू नका. मलेरियातून नुकतेच उठलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

• चाचणीच्या दिवशी वेदनाशामक गोळी, उत्तेजक पेय किंवा कोणी दिलेले इंजेक्शन घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामके मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

मैदानावर कोणी कोसळले तर

साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा कडक होतो आणि तीव्र दुखतो. सिकल वाहकाच्या त्रासात पाय लुळे पडल्यासारखे वाटतात, स्नायू मऊच असतो आणि मुलगा बोलत असतो. "नाटक करतोय, उठवा" असे म्हणून त्याला पुन्हा पळवणे ही घातक चूक आहे. त्याला लगेच थांबवा, सावलीत न्या आणि रुग्णालयात हलवा. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी तपकिरी झाली तर तो स्नायू तुटल्याचा इशारा समजा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

अंग खूप तापले आहे आणि बोलणे असंबद्ध आहे, तर तो उष्माघात समजा. कपडे सैल करा, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, वारा घाला. गाडी येईपर्यंत थांबू नका, आधी थंड करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

भरतीच्या नियमांत वैद्यकीय तपासणी मैदानाआधी यावी, निदान रक्तदाब, नाडी आणि सिकलसेल कार्ड पाहूनच धाव घ्यावी, ही मागणी करण्यासारखी आहे. ती मान्य होईपर्यंत हे काम घरच्यांना करावे लागेल. बुटांच्या जोडीला जेवढे पैसे लागतात, त्याहून कमी खर्चात वरच्या बहुतेक तपासण्या होतात. सराव सुरू करण्याआधीच्या आठवड्यात मुलाला किंवा मुलीला एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.