थरथर हातात, नोंद कुठेच नाही

रस्ता फोडणारा ब्रेकर सुरू झाला की आपण खिडक्या लावून घेतो. आवाजाचा त्रास आपल्यालाही होतो, म्हणून त्याची तक्रार होते. यंत्राची थरथर मात्र ते धरणाऱ्याच्याच हातात जाते. तिची तक्रार कुणी करत नाही, बहुतेकदा कामगारही नाही. ‘कामावरून आलं की हात झिणझिणतात, सवय झाली,’ असे तो सांगतो. ही सवय नव्हे, आजाराची सुरुवात असू शकते.

ब्रेकर, ग्राइंडर, ड्रिल, दगड कापायची यंत्रे यांचे कंपन वर्षानुवर्षे हातात जात राहिले, की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना इजा होते. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग पकड सैल होते. सदऱ्याचे बटण लावता येत नाही, खाली पडलेले नाणे उचलता येत नाही. मनगटातील मज्जातंतू दाबला जाऊन रात्री हात दुखून जाग येते. रक्तवाहिन्यांना इजा झालेली असेल, तर थंडीत बोटांची टोके पांढरीफटक पडतात.

हे नवे ज्ञान नाही. अमेरिकेतील डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत, हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या दगडकामगारांची तपासणी केली. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटे थंडीत पांढरी पडतात, हे त्यांनी नोंदवले. ब्रिटनने १९८५ मध्ये हा आजार भरपाईयोग्य व्यावसायिक आजारांत घातला. युरोपीय संघाने २००२ मध्ये मर्यादा आखून दिल्या: आठ तासांच्या कामावर सरासरी काढलेले कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर ते जाऊच द्यायचे नाही.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ पाहा. यंत्राचे कंपन १० असेल, तर पहिली मर्यादा अर्ध्या तासात गाठली जाते आणि दुसरी दोन तासांत. कंपन दुप्पट झाले, तर ही वेळ निम्मी नव्हे, चौथ्या हिश्श्यावर येते. आपल्याकडे ब्रेकर दिवसभर एकाच माणसाच्या हातात असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पांढरे बोट ही या आजाराची ठळक खूण थंड हवेत दिसते. आपल्या उष्ण हवेत ती सहसा दिसतच नाही. दिसतो तो बधिरपणा आणि मुंग्या. मग कामगाराला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात. काम काय करता, हे विचारले जातेच असे नाही.

कायद्यानेही ते विचारलेले नाही. कायद्याच्या अनुसूचीत नोंद सक्तीची असलेल्या आजारांची यादी आहे. तीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजामुळे येणारा बहिरेपणा आहे. कंपनामुळे होणारा हाताचा आजार नाही. त्याच ब्रेकरमुळे गेलेले कान यादीत आहेत, गेलेले हात नाहीत. नोंद नाही म्हणून आकडा नाही आणि आकडा नाही म्हणून प्रश्नच नाही, असे हे चक्र आहे. ते यादीतच तोडावे लागेल.

यादी बदलेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम विभाग रस्त्यांच्या निविदा काढतात. कमी कंपनाची यंत्रे आणि कामगारांची आळीपाळी या अटी त्यांत घालता येतील. कोल्हापूरच्या फाउंड्रींत कास्टिंग घासणाऱ्यांच्या नियमित तपासणीत बोटांची संवेदना आणि पकड तपासता येईल. छिन्नीला धार लावणे, झिजलेला भाग वेळेवर बदलणे, यंत्र गरजेपेक्षा घट्ट न आवळणे यांना फार खर्च येत नाही. कंपनरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर मात्र विसंबू नये. ब्रेकरसारख्या यंत्राचे कंपन ते भरवशाने कमी करत नाहीत. विडी-सिगारेट सोडणे हिताचे, कारण तंबाखू याच रक्तवाहिन्या आकसवतो.

कामगाराला विश्रांती परवडत नाही, हे खरे. फोडलेल्या फुटांवर मजुरी ठरली, की थांबणे म्हणजे पैसे बुडणे. म्हणूनच ही जबाबदारी त्याच्या सावधगिरीवर टाकणे अन्यायाचे आहे. आळीपाळीचा वेळ मजुरीत धरला, तरच ती होईल. मज्जातंतूंची इजा बळावली, की ती सहसा भरून येत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ वेगळा सांगायला नको.