औट कोठे गेला?

लहान मुलांस दीड आणि अडीच शिकविताना प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतोच. साडेतीन, साडेचार, साडेपाच असे म्हणावयाचे, तर मग साडेएक आणि साडेदोन का म्हणावयाचे नाही? वडील मंडळी बहुधा ‘तसे म्हणत नाहीत’ एवढे सांगून मोकळी होतात. वास्तविक हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञास शोभण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास घरच्या उजळणीतून निघून थेट रोमच्या टांकसाळीपर्यंत जावे लागते.

‘अडीच’ हा संस्कृत ‘अर्धतृतीय’ या शब्दाचा वंशज होय. ज्यातील तिसरा अर्धाच आहे ते अर्धतृतीय. म्हणजे पहिला पुरा, दुसरा पुरा, आणि तिसऱ्याचे केवळ अर्धे. आपण आज दोहोंवर अर्ध्याची भर घालतो. जुन्या लोकांची दृष्टी मात्र येणाऱ्या तिसऱ्याकडे लागलेली असे. पालीत या शब्दाचे रूप ‘अड्ढतिय’ असे झाले, पुढे प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’, आणि तेथून आमचा अडीच. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या लघुशिलालेखात, उपासक होऊन आपणांस अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला असे सांगताना हाच शब्द योजला आहे. आणि त्याच लेखाच्या अखेरीस ही गोष्ट दीडपट वाढेल असे म्हणताना आपल्या ‘दीड’चा पूर्वजही खोदविला आहे. कर्नाटकातील ब्रह्मगिरी आणि मध्यप्रदेशातील रूपनाथ येथील खडकांवर हे दोघे सख्खे भाऊ आज बावीस शतकांहून अधिक काळ शेजारी शेजारी उभे आहेत. ‘दीड’ म्हणजे दुसऱ्याचे अर्धे, हे आता निराळे सांगावयास नको.

ही पद्धती अडीचपाशी थांबणारी नव्हती. बुद्धाबरोबरच्या साडेबाराशे भिक्षूंची संख्या पाली ग्रंथांत सांगितली आहे ती ‘अर्धे तेरावे शतक’ अशा अर्थाच्या शब्दाने. तेव्हा मुलाचा प्रश्न खरे पाहता उलटा करून विचारला पाहिजे. साडेएक का नाही हे कोडे नसून, साडेतीन हा शब्द कोठून आला हे कोडे आहे! कारण साडेतीनच्या जागी आमचा स्वतःचा एक शब्द होता, आणि तो म्हणजे ‘औट’.

‘अर्धचतुर्थ’ याचे प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाले आणि मराठीत औट. हिंदीत त्याचाच ‘हूँठा’ झाला, व तिकडच्या पाढ्यांत त्याच्या पुढचा, साडेचारांचा ‘ढौंचा’ही होता. औटाची एक गंमत अशी की, प्राकृतातील अद्धुट्ठ हा शब्द कोठून आला हे विसरले गेल्यावर पंडितांनी त्याचे मूळ म्हणून ‘अध्युष्ट’ असा एक संस्कृत शब्दच घडविला, आणि कुंडलिनीच्या साडेतीन वेटोळ्यांचे वर्णन करताना तो वापरला. नातवाच्या तोंडावळ्यावरून आजोबांचे चित्र काढावे, तशातला हा प्रकार आहे. पंडितांच्या या उद्योगास आम्ही हसणार नाही. शब्दास कुळ असावे असे वाटणे हे त्यावरील प्रेमाचेच लक्षण आहे.

आज मात्र औट उरला आहे तो ‘औटघटकेचे राज्य’ एवढ्या एका म्हणण्यापुरता. घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे हे राज्य बरोबर चौऱ्याऐंशी मिनिटांचे. क्रिकेटच्या काळात वाढलेल्या मुलांस औट म्हटले की दांडी उडालेला फलंदाजच आठवतो, आणि औटघटकेचा राजा म्हणजे गादीवरून ‘आउट’ झालेला राजा, असा अर्थ ती लावतात. अर्थ साधारण जुळतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

आता दृष्टी थोडी दूर टाकू. दीडास जर्मन मनुष्य ‘आन्डरथाल्प’ म्हणतो. त्याचा अर्थ दुसरा अर्धा. अडीचास त्याच्या पूर्वजांपाशी ‘तिसरा अर्धा’ असा शब्द होता, तो आता जुन्या पुस्तकांत राहिला. घड्याळात मात्र तो आजही अडीच वाजता ‘अर्धे तीन’ वाजले असेच सांगतो. रशियन ‘पलतरा’ म्हणजे दुसऱ्याचे अर्धे, अर्थात दीड; त्यांचाही अडीचाचा जुना शब्द लोपला. हे सर्व आपल्याच भाषाकुळातील आप्त, तेव्हा साम्याचे नवल नाही असे कोणी म्हणेल. परंतु हंगेरियन व फिनिश या भाषा आपल्या कुळातील नव्हेत. तेथेही दीडासाठी ‘मासफेल’ आणि ‘पुओलितोइस्ता’ असे जे शब्द आहेत, त्यांची घडण हीच, अर्धे आणि दुसरे! शेजाऱ्यांपासून ही रीत उचलली गेली की माणसाचे मनच असे मोजते, याचा निवाडा भाषापंडितांनी करावा.

सर्वांत मौज रोमची. तेथील प्रसिद्ध नाणे ‘सेस्तर्तिउस’ याचे नाव ‘सेमिस’ म्हणजे अर्धा आणि ‘तर्तिउस’ म्हणजे तिसरा या शब्दांपासून झाले. थोडक्यात, अर्धतृतीय! ख्रिस्तपूर्व २११ च्या सुमारास हे नाणे निघाले तेव्हा ते खरोखरच अडीच ‘आस’ किमतीचे होते. पुढे भाव बदलून त्याचे चार आस झाले, तरी नाव अडीचच राहिले. रोमन हिशेबनीस ते नाणे लिहिताना दोन उभ्या रेघा, अर्ध्याचे अक्षर आणि वर एक आडवी रेघ काढीत.

या सर्व भाषांत एक गोष्ट सारखीच दिसते. विस्मृतीचा आरंभ मोठ्या संख्येकडून होतो. जर्मन व रशियन यांनी दीड तेवढा राखला. आम्ही दीड व अडीच दोन्ही राखले, कारण वाण्याच्या दुकानी त्यांवाचून चालत नसे. औट राखला तो औटकीने. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असा तो पाढा ज्यांस पाठ होता, त्यांस साडेतीन आण्यांच्या चोवीस वस्तूंचे सव्वापाच रुपये सांगावयास कागद लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले, आणे गेले, आणि त्यांच्यामागून औटकीही गेली. यात दुःख करण्यासारखे फारसे नाही, कारण दशांशाचा हिशेब सोपा आहे. आम्हांस चिंता वाटते ती अडीचाची. ‘दोन पॉइंट पाच’ म्हणणारी पिढी शिकल्यासवरल्या घरांतूनच वाढते आहे. पावकी-निमकी कोणी पुन्हा घोकावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु साडेएक का नाही, असे घरातील मुलाने विचारले, तर त्यास दीड, अडीच व औट या तिघां भावांची ओळख एकत्र करून देण्यास पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही.

डेन्मार्कमध्ये तर औट अद्याप पुरा जिवंत आहे. तेथे सत्तरास ‘हाल्फियर्स’ म्हणतात; मूळ लांब शब्दाचा अर्थ ‘अर्धे चौथे वेळा वीस’ असा आहे. अर्थात तेथील कोणी आजोबा आपणांस सत्तर वर्षे झाली असे सांगतात, तेव्हा ते बिचारे नकळत औटकीच म्हणत असतात.