सफारी आणि शिवार

‘सफारी’ म्हटले की उघडी जीप, गळ्यात दुर्बीण आणि खर्चाचा भला मोठा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. उमापूरसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याने त्याचा विचारही करू नये, असे आपणच ठरवून टाकतो. वास्तविक हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ जसा मराठीत आला, तसाच तो स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला. अर्थ एकच, प्रवास!

आफ्रिकेतली सगळीच राने अफाट असतात, हाही आपला एक समज. केनियाच्या राजधानीला लागून असलेले नैरोबी राष्ट्रीय उद्यान अवघे ११७ चौरस किलोमीटरचे आहे. १९४६ साली ते स्थापन झाले. तेथे सिंह, गेंडे, जिराफ, झेब्रे आहेत. हत्ती तेवढे नाहीत. एवढ्या जागेत हे सारे कसे निभते? उद्यानाची दक्षिण सीमा कुंपणाविना मोकळी आहे. पावसाळ्यात जनावरे ती ओलांडून मसाई गुराख्यांच्या कुरणांत चरायला जातात. त्या जमिनी मोकळ्याच राहाव्यात म्हणून मालकांना एकरी मोबदला देण्याची योजना २००० साली तेथे सुरू झाली.

आता आपल्याकडे पाहू. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० सालचे. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे नैरोबीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. पण पिळदार शिंगांचा काळाभोर नर गवतातून मान उंचावून उभा राहिला, की आफ्रिकेची आठवण राहत नाही.

परंतु काळविटाला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. दिवसा पाहुण्यांना देखणे वाटणारे हरीण रात्री कोवळ्या हरभऱ्यात शिरते, तेव्हा कुणब्याच्या तोंडचा घास जातो. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. पण ती पीक गेल्यानंतरची. अर्ज आणि पंचनामा यांतून हरणाविषयी प्रेम कसे उपजावे?

माझे मत असे की, भरपाईपेक्षा भाडे बरे. अभयारण्यालगतची पडीक जमीन जो शेतकरी गवताला मोकळी ठेवील, त्याला दरसाल ठरलेली रक्कम मिळावी. गायराने नांगरटीपासून वाचवावीत. पैसा कोठून आणायचा, असे कोणी विचारील. ज्यांना हरणे पाहण्याचा आनंद हवा, त्यांच्या तिकिटातला वाटा आधी शेजारच्या शिवारात पोचला पाहिजे. तो अपुरा पडला तर उरलेला भार सरकारने उचलावा. कारण काळवीट वाचवण्याचा कायदा साऱ्या देशाचा आहे, एकट्या कुणब्याचा नव्हे.

मित्रहो, पुढच्या सुटीत एस.टी.ने ही सफर अवश्य करा. हरणे पाहा. मात्र परतताना बांधावरच्या शेतकऱ्याशीही दोन शब्द बोला. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय आपली सफर पुरी झाली, असे समजू नका.