वेड पांघरून फ्रँकफर्टला

परदेशातल्या एखाद्या जुन्या रहस्यकथावाचकाला मराठी पोलिसाचे नाव विचारा. तो बहुधा इन्स्पेक्टर गणेश घोटे असे सांगेल. वरिष्ठांना दबून असणारा, भिडस्त, पण एकदा मागे लागला की न सोडणारा हा मुंबईचा अधिकारी लंडनमध्ये जन्मला. त्याचे लेखक एच. आर. एफ. कीटिंग यांच्या आधीच्या कादंबऱ्या अमेरिकी प्रकाशक घेत नव्हते. त्यांना त्या फारच इंग्रजी वाटत. मग कीटिंग यांनी पुढच्या कादंबरीसाठी मुंबई निवडली. ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ मध्ये आली, ब्रिटनच्या गुन्हेकथालेखक संघटनेचा ‘गोल्ड डॅगर’ घेऊन गेली आणि अमेरिकेचे दार उघडले. घोट्यांची मालिका त्यापुढे चार दशके चालली. लेखकमहाशयांचा पाय मुंबईला लागला तो १९७४ मध्ये.

त्या दहा वर्षांत बाबूराव अर्नाळकर याच मुंबईत राहत होते. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड याच शहरात गुन्हेगारांच्या मागावर होते. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला मुंबईची गल्ली कळण्यासाठी नकाशा लागत नव्हता. तरी परदेशात गेले ते घोटे. अर्नाळकरांच्या बऱ्याच कथा इंग्रजी रहस्यकथांवर बेतलेल्या होत्या, त्या परत इंग्रजीत कोण घेणार, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. पण सुहास शिरवळकरांचा वकील अमर विश्वास, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप हेही कुठे गेले नाहीत.

पुढे विक्रम चंद्रांचे ‘सेक्रेड गेम्स’ २००६ मध्ये आले आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचले. त्यातला गुंडही मराठी आडनावाचा, गणेश गायतोंडे. पोलीस गणेश, गुंडही गणेश. आपले दैवत परदेशात चांगलेच चालते. बाल्टिमोरच्या सुजाता मॅसी यांनी १९२१ च्या मुंबईत वकिली करणारी परवीन मिस्त्री उभी केली. तिच्यामागे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे, आणि मालिकेतल्या दुसऱ्या कादंबरीसाठी मॅसींनी सह्याद्रीत एक काल्पनिक संस्थान वसवले. लंडनचे वसीम खान यांनी निवृत्त इन्स्पेक्टर चोप्रांना हत्तीचे पिल्लू जोडीला देऊन मुंबईत फिरवले. म्हणजे माल आपल्या शहरातला, गिऱ्हाईक परदेशात हजर, आणि मध्ये मराठी लेखक कुठेच नाही.

यावर आपल्या धंद्यात ठरलेले उत्तर मिळते: प्रसिद्धी कमी पडते, लेखकाने परदेशात गेले पाहिजे. हे उत्तर मला पटत नाही. लेखक जातातही. पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ मध्ये सॅन होजेला झाले, मग दुबई, मग सिंगापूर. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दोन वर्षांनी भरते, तिथे पुस्तकांचे टेबल लागते. पण टेबलावर येणारी पुस्तके बहुतेक वेळा लेखकाच्या बॅगेतून येतात. विमानात साधारण तेवीस किलोची बॅग चालते. अडीचशे पानांची कादंबरी तीनशे ग्रॅमची धरली, तर एका बॅगेत सत्तर-पंच्याहत्तर प्रती बसतात, तेही अंगावरच्या कपड्यांवर परतायची तयारी असेल तर. त्या सगळ्या तीनशे रुपयांनी खपल्या तरी बावीस-तेवीस हजार हाती येतात. तिकिटाचा आकडा आपण सगळे जाणतो. शिवाय पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाने गल्ला घेऊन बसावे का, हे आधी तिथल्या मंडळाला विचारलेले बरे. विक्री मंडळाच्याच नावाने झाली तर उत्तम.

हा सगळा प्रकार सत्काराचा आहे, त्याला विक्री म्हणता येत नाही. सत्काराला माझा विरोध नाही. न्यू जर्सीत चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या तर लेखकाला बळ येते आणि त्या बळावर तो आणखी एक पुस्तक लिहितो. पण वाचक तोच आहे, जो पुण्याला किंवा परभणीला होता. फक्त आता तो दूर राहतो. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वाचणारा माणूस त्या सभागृहात आलेलाच नसतो.

तो असतो दुसरीकडे. अमेरिकेत १९७० पासून बाउचरकॉन हे गुन्हेकथा संमेलन भरते, इंग्लंडात हॅरोगेटला उन्हाळ्यात गुन्हेकथा महोत्सव असतो, फ्रान्समध्ये लिआँला ‘के द्यु पोलार’, स्पेनमध्ये हिहोनला ‘सेमाना नेग्रा’. तिथले लेखकाचे आयुष्य फारसे ऐटीचे नसते. नावाजलेले चार-दोन सोडले तर लेखक बहुधा स्वतःच्या खिशातून नोंदणी भरतो, हॉटेल भरतो. चार-पाच जणांच्या परिसंवादात त्याच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. मग सह्यांचे टेबल. शेजारी बसलेल्या प्रसिद्ध लेखकापुढे रांग दारापर्यंत गेलेली आणि आपल्यापुढे दोन माणसे, त्यातला एक प्रसाधनगृह कुठे आहे हे विचारायला आलेला. छापील किमतीचे चाळीसेक टक्के पुस्तकवाल्याचे, न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत. आपल्या विक्रेत्यांना यात नवे काही वाटणार नाही. तरीही हे लेखक दरवर्षी जातात, कारण तिथे मालिकेचा वाचक तयार होतो, आणि मालिकेचा वाचक एक पुस्तक आवडले की मागची सगळी घेतो. रहस्यकथेची परदेशातली खरी कमाई या मागच्या पुस्तकांत आहे. मागची पुस्तके बाजारात असावी लागतात, एवढीच अट.

आणि प्रवास हा काही अटळ भागही नाही. स्टिग लार्सन नोव्हेंबर २००४ मध्ये वारले, पहिली कादंबरी स्वीडनमध्ये २००५ मध्ये निघाली, इंग्रजीत २००८ मध्ये. एकाही परदेशी वाचकासाठी त्यांनी सही केली नाही. पुस्तके जगभर गेली ती हक्कांच्या कागदांवरून. त्याच कागदांवरून घरात भांडणही झाले: मृत्युपत्र वैध नव्हते, म्हणून सगळे वडील-भावाकडे गेले आणि आयुष्यभराच्या जोडीदारणीला काही मिळाले नाही.

आपल्या घरी मात्र कागदच सापडत नाही. स्वस्त रहस्यकथेच्या भरभराटीत व्यवहार सरळ होता. लेखकाने बाड द्यायचे, प्रकाशकाने पाकीट द्यायचे. पुस्तक सर्क्युलेटिंग लायब्ररीत फिरायचे, रेल्वेच्या स्टॉलवर लटकायचे. आमचे पेडगाव परभणी–मनमाड मार्गावरचे छोटे स्टेशन. परभणी जंक्शनवर घेतलेल्या रहस्यकथेत पहिले प्रेत सापडेपर्यंत पेडगाव यायचे. खुनी कोण ते पुढे मानवत रोड, सेलू करत जाणाऱ्यांना कळायचे. असा माल वाचून सोडून देण्यासाठीच होता, त्याच्या कराराची पन्नास वर्षांनी कोणाला गरज पडेल असे कोणालाच वाटले नाही. गुरुनाथ नाईकांनी हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले. रॉयल्टीचा कागद असता तर चित्र किती बदलले असते, याचा हिशेब आता करता येणार नाही.

समजा, उद्या एखाद्या फ्रेंच प्रकाशकाने एक मराठी रहस्यकादंबरी मागितली. पहिला प्रश्न येईल, हक्क कोणाकडे? प्रकाशक म्हणतो माझ्याकडे, लेखकाचा मुलगा म्हणतो आमच्याकडे, आणि पुरावा दोघांकडेही नाही. परदेशी प्रकाशक चौथ्या ईमेलनंतर दुसऱ्या भाषेकडे वळतो. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण ज्या पेडगावची सांगतात ते श्रीगोंद्याचे, बहादूरगडाचे. आमच्या पेडगावचा त्यात काही दोष नाही. पण हक्कांच्या बाबतीत आपण सगळ्यांनीच ते वेड पांघरले आहे, आणि तसेच पांघरून आता फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेला जाण्याच्या गोष्टी करतो आहोत.

कायदा मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच वैध होते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते धरतात. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर त्या हक्कापुरते हस्तांतरण संपते. शेवटच्या तीन गोष्टी १९९४ च्या दुरुस्तीतून आल्या. ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि आधीच्या करारांना ती लागत नाही. लेखी आणि सहीची अट मात्र जुन्या कायद्यातही होती.

याचा अर्थ आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा. १९९५ नंतरच्या ज्या करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढेच वाक्य आहे, तिथे परदेशाचा हक्क लेखकाकडेच उरला असण्याची दाट शक्यता आहे. अनेक लेखकांना हे माहीत नाही आणि अनेक प्रकाशक ते माहीत करून घेऊ इच्छित नाहीत. त्याआधीच्या काळातल्या पुस्तकांसाठी कागद शोधणे भाग आहे. कागद नसेल तर निव्वळ पैसे मिळाल्याच्या पावतीला हक्कांचा करार म्हणता येईल का, हा वकिलाला विचारण्याचा प्रश्न आहे, आणि विचारण्याजोगा आहे, कारण वेळ अजून गेलेली नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, त्यांचे हक्क २०५६ अखेरपर्यंत आहेत. शिरवळकर २००३ मध्ये गेले, म्हणजे २०६३.

शेजारच्या भाषांनी थोडीफार हालचाल केली. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २००८ मध्ये तमिळ स्वस्त कादंबऱ्यांचा इंग्रजी संग्रह काढला, २००९ मध्ये सुरेंद्र मोहन पाठकांची ‘पैंसठ लाख की डकैती’ इंग्रजीत आणली, २०११ मध्ये शम्सुर रहमान फारुकींनी केलेली इब्ने सफींच्या उर्दू रहस्यकथांची भाषांतरे काढली. फारुकींसारख्या समीक्षकाने ‘जासूसी दुनिया’ला हात लावला, तिथे कमीपणा कसला? मराठीत रहस्यकथेला साहित्य म्हणायचे की नाही, यावरच आपली बरीच शक्ती गेली. हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. मागणी असलेला माल गोदामात कुजवून त्याच्या प्रतीवर चर्चासत्रे कोणी घेत नाही.

हक्क हाती असतील तर पुढचे काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. पूर्ण कथानकाचा इंग्रजी गोषवारा लागतो, खुनी कोण हे त्यात स्पष्ट लिहून. आपले लेखक शेवट लपवतात आणि संपादकाला वाटते, शेवट जमलेला नसावा. तीस-चाळीस पानांचे चांगले भाषांतर लागते, आणि त्याचे पैसे भाषांतरकाराला आधी द्यावे लागतात. ‘पुस्तक लागले की बघू’ या बोलीवर चांगला माणूस मिळत नाही. नॉर्वेने १९७८ पासून आपल्या साहित्याच्या भाषांतरासाठी ‘नोर्ला’ ही संस्था चालवली आहे, स्कँडिनेव्हियन गुन्हेकथेच्या लाटेत अशा पैशाचा मोठा हात होता. आपल्याकडे नॅशनल बुक ट्रस्टची परदेशी प्रकाशकांना भाषांतरासाठी अर्थसाहाय्य देणारी योजना आहे, आणि दिल्लीच्या जागतिक पुस्तक मेळ्यात हक्कांच्या खरेदी-विक्रीसाठी टेबलेही लागतात. परभणीहून दिल्ली फ्रँकफर्टपेक्षा जवळ आहे.

छापील मराठी प्रती परदेशी पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०२५ च्या ऑगस्टअखेर टपाल खात्याने अमेरिकेची सेवा थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. अमेरिकेच्या जादा आयातशुल्कातून पुस्तके वगळलेली होती, पण टपालाचा रस्ताच बंद म्हटल्यावर त्या सवलतीचा उपयोग काय? तेव्हा एका रस्त्यावर विसंबू नये. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत मिळतो, डाकघर निर्यात केंद्रातून व्यापारी पार्सल पाठवता येते. सुटे ‘गिफ्ट’ म्हणून पाठवण्याची सवय सोडावी. दुसरे, अमेरिकेतून रॉयल्टी येणार असेल तर डब्ल्यू-८ बीईएन हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरावा. न भरल्यास तिथे तीस टक्के कापतात, भरल्यास दोन देशांतल्या करकराराप्रमाणे पंधरा.

पुढच्या अंकापासून आपण रहस्यकथांच्या जुन्या हक्कांची यादी करायला घेत आहोत: पुस्तक, लेखक, पहिले वर्ष, प्रकाशक, कागद आहे की नाही. कोणाचे चुकले हे ठरवण्यासाठी ही यादी नाही, त्यामुळे प्रकाशकांनी बिचकू नये. ज्यांच्या घरी वडिलांच्या, काकांच्या पेटीत करार, व्हाउचर, मनीऑर्डरच्या पावत्या असतील, त्यांनी छायाप्रती आमच्या पेडगावच्या पत्त्यावर पाठवाव्यात. मूळ कागद पाठवू नयेत.